कुंडीतील फायकस व त्याची पानगळ

वड, पिंपळ, उंबर, अंजीर ही झाडे आपणांस परकी नाहीत. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ही सर्व फायकस या एकाच प्रजातीतील होत. ज्या वृक्षाखाली भगवान बुद्धांना संबोधी प्राप्त झाली तो बोधिवृक्ष म्हणजे पिंपळ, शास्त्रीय नाव फायकस रिलिजिओसा. याच घराण्यातील आणखी एक झाड आता आपल्या जिल्ह्यातील घरांत, दवाखान्यांत व कार्यालयांत कुंडीत बसलेले दिसते. रोपवाटिकेत त्यास नुसते 'फायकस' किंवा 'बेंजामिना' म्हणतात. पूर्ण नाव फायकस बेंजामिना. फांद्या खाली झुकतात म्हणून इंग्रजीत त्यास 'वीपिंग फिग' म्हणजे रडणारा अंजीर असे नाव पडले. प्रत्यक्षात मात्र ते घरी आणल्यावर महिनाभरात रडण्याची पाळी घरमालकावर येते. हिरवीगार पाने पटापट गळू लागतात. लोक पाणी वाढवतात, पाने आणखी गळतात, आणि शेवटी काड्या उरतात.

या लेखात आम्ही मुख्यतः या पानगळीचाच विचार करणार आहोत, कारण आमच्या पाहण्यातील बहुतेक फायकस तहानेने नव्हे, तर पाण्याने मेलेले आहेत.

आपल्याकडचा माणूस पानगळ पाहून पाण्याकडे का धावतो, हे समजण्यासारखे आहे. जालना जिल्हा मोसंबीचा. बहार धरण्यासाठी बागेचे पाणी तोडतात, त्याला 'ताण देणे' म्हणतात. ताण बसला की पाने पिवळी पडून गळतात, हे शेतकऱ्याचे लहान मूलही जाणते. शिवाय २०१२-१३ च्या दुष्काळात मोसंबीच्या बागाच्या बागा वाळून गेलेल्या आपण पाहिल्या आहेत. पान गळाले म्हणजे पाणी कमी पडले, हा हिशेब आपल्या अंगात मुरलेला आहे. फायकसच्या बाबतीत तो चुकतो.

फायकस बेंजामिना हे मूळचे दमट प्रदेशातील सदाहरित झाड. ईशान्य भारतापासून आग्नेय आशियामार्गे उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत ते निसर्गतः वाढते. बँकॉक शहराचे ते मानाचे झाड आहे. महाराष्ट्रातील अनेक रोपवाटिकांत शोभेची रोपे आंध्र प्रदेशातील राजमहेंद्रीजवळच्या कडियम येथून मालमोटारींनी येतात. जी गोदावरी आपल्या जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहते, तिच्याच मुखाकडचा हा दमट मुलूख. तेथे भरपूर उजेडात वाढलेले रोप आपण आणतो आणि बैठकीच्या खोलीत, टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात ठेवतो. हवा कोरडी, उजेड एकदशांशही नाही.

आता झाड काय करते ते पाहा. उन्हात तयार झालेली पाने जाड असतात व त्यांना पोसण्यास अन्न जास्त लागते. अंधाऱ्या कोपऱ्यात पानांची कमाई घटते, खर्च मात्र तोच राहतो. पगार निम्मा झालेला गृहस्थ जसा घरखर्च कमी करतो, तसे झाड पाने टाकते. नव्या उजेडाला साजेशी पातळ पाने त्याला नव्याने काढायची असतात. हा काळ काही आठवड्यांचा असतो. या काळात पाने कमी, म्हणून पाण्याची उचलही कमी. नेमके तेव्हाच आपण तांब्यावर तांब्या ओततो. मातीतील पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांना हवा मिळत नाही, मुळे कुजतात, आणि कुजलेली मुळे पाणी ओढू शकत नाहीत. मग पाण्यात उभे राहूनही झाड सुकते.

म्हणून पाने गळू लागली की आधी गळालेले पान हातात घेऊन पाहावे. पान हिरवे असून गळत असेल, तर बहुधा जागा बदलल्याचा किंवा कूलरच्या झोताचा परिणाम. पान पिवळे, माती ओली व आंबूस वास, तर पाणी जास्त. पान वाळून कुरकुरीत झालेले, माती कुंडीच्या कडेपासून सुटलेली, तर मात्र खरोखर पाणी कमी. झाड पूर्ण उघडे पडले तरी फेकू नये. फांदीची साल नखाने किंचित खरवडावी. आत हिरवे दिसले तर ते जिवंत आहे. नवे कोंब येईपर्यंत खत घालू नये आणि जागाही बदलू नये. आज खिडकीत, उद्या ओट्यावर, परवा पाहुणे आले म्हणून बैठकीत, असे फिरवल्यास ते प्रत्येक वेळी पाने टाकील.

नवे रोप आणल्यावर प्रथम दोन-तीन आठवडे ओसरीत, सावलीत ठेवावे व मग आत घ्यावे. पूर्वेच्या खिडकीजवळची जागा उत्तम. पश्चिमेचे एप्रिल-मेचे ऊन टाळावे. आपल्यापैकी अनेकांची घरे पत्र्याची आहेत. उन्हाळ्यातल्या दुपारी पत्र्याखालच्या खोलीत हे झाड सुखी राहणार नाही. त्यापेक्षा अंगणात लिंबाच्या सावलीत कुंडी ठेवलेली बरी. त्यात कमीपणा काहीच नाही. ते झाड मुळात बाहेरचेच आहे.

कुंडीत नुसती काळी माती भरू नये. ती ओली झाली की चिकट होऊन पाणी धरून बसते आणि वाळली की भेगाळते. एक भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत व एक भाग जाड वाळू किंवा बारीक मुरूम घ्यावा. तळाचे भोक मोकळे आहे ना, हे पाहावे व त्यावर खापराचा तुकडा ठेवावा. पाणी देण्यापूर्वी बोट दोन पेरांपर्यंत मातीत खुपसावे. ओल लागली तर पाणी देऊ नये. कार्यालयातील कुंडीचे पाणी एकाच माणसाकडे असावे. एका बँक शाखेत शिपाई सकाळी, रोखपाल दुपारी आणि गिऱ्हाईक बाटलीतले उरलेले केव्हाही ओतत असे. ते झाड पावसाळाभरही टिकले नाही.

टंचाईच्या दिवसांत तांदूळ-डाळ धुतलेले पाणी या झाडास चालते. परंतु पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून वाया जाणारे पाणी देऊ नये, त्यात क्षार एकवटलेले असतात. बोअरच्या जड पाण्यानेही मातीवर पांढरा थर चढतो. पावसाळ्यात पत्र्यावरून पडणारे पाणी पिंपात धरून दोन-तीनदा तळातून निथळेपर्यंत घातल्यास हे क्षार धुऊन जातात. उन्हाळ्यात मातीवर तुरीचे भुसकट पसरावे.

कोरड्या हवेत लाल कोळी, पिठ्या ढेकूण व खवले कीड येते. ओल्या फडक्याने पाने पुसणे हा पहिला उपाय. त्यानंतर एक लिटर पाण्यात पाच मिलि निंबोळी तेल व थोडा साबण मिसळून फवारावे. पान मध्ये दुमडून पाकिटासारखे झाले असेल तर आत फुलकिडे असतात, अशी पाने तोडून नष्ट करावीत.

हे झाड घरातील हवा शुद्ध करते असे विक्रेते सांगतात. त्याचा उगम १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नासाच्या प्रयोगांत आहे. ते प्रयोग लहान बंद पेटीत केलेले होते. २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचे आकडे पुन्हा तपासले गेले. खिडकी-दारातून खेळणारी हवा जे काम करते ते झाडांकडून करून घ्यायचे, तर दर चौरस मीटरला किमान दहा कुंड्या लागतील असे त्यात आढळले. तेव्हा हवेसाठी खिडकी उघडावी, झाड डोळ्यांसाठी ठेवावे.

छाटणी करताना फांदीतून पांढरा चीक निघतो. त्याने काहींच्या त्वचेला खाज सुटते. काहींना तर घरात हे झाड नुसते असल्यानेही शिंका व दम्याचा त्रास होतो. अशांनी ते आत ठेवू नये. लहान मुले व मांजर पाने चावणार नाहीत हेही पाहावे. कुंडी दर दोन वर्षांनी जून-जुलैत बदलावी. झाड फार वाढले म्हणून ते विहाराच्या भिंतीलगत किंवा पाण्याच्या हौदाजवळ जमिनीत लावण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण ते वडाचे भावंड आहे आणि त्याची मुळे पाया, नळ व हौद फोडतात. मोकळे मैदान असेल तरच, बांधकामापासून बरेच दूर लावावे.