माल चांगला, पण ठाऊक कोणाला?



गेल्या काही महिन्यांत धर्मग्रामातील पुष्कळ मंडळींनी आमच्यापुढे एकच गाऱ्हाणे निरनिराळ्या शब्दांत मांडले आहे. वांगी, तोंडली, भेंडी रात्री टेम्पोत भरायची, पहाटे वडोदऱ्याच्या बाजारात उतरवायची आणि भाव मात्र दुसऱ्याने सांगायचा. त्याच वांग्यांना शहरातली गृहिणी आपल्या दाराशी काय मोजते हे शेतकऱ्याला पक्के ठाऊक असते, म्हणून तर जिवाला जास्त लागते. मग घरातला शिकलेला मुलगा म्हणतो, ‘आपण मोबाईलवरून विकू.’ नातेवाईक आणि ओळखीचे मिळून एक गट होतो. रोज सकाळी ‘ताजी भाजी मिळेल’ असा संदेश जातो. पंधरा दिवस उत्साह टिकतो. महिन्याभरात निम्मी माणसे गट सोडतात आणि उरलेली तो उघडून पाहत नाहीत. शेवटी घरात ठरते की या मोबाईलच्या धंद्यात काही दम नाही.

आमच्या मते मोबाईलचा येथे दोष नाही. आपण त्याचा उपयोग हातगाडीवरच्या भोंग्यासारखा करतो, तेथे चूक होते. भोंगा गल्लीतून निघून जातो म्हणून लोक तो सहन करतात. तोच रोज उशाशी वाजू लागला तर कोण ऐकून घेईल? ज्याला विकायचे आहे त्याने आधी ऐकणाऱ्याच्या उपयोगाचे किंवा आवडीचे काहीतरी सांगावे, नियमाने सांगावे, खरे सांगावे, आणि आपला माल त्याच्या पाठोपाठ हळूच पुढे करावा, अशी ही विद्या आहे. ती शिकायला फार लांब जायला नको. वडोदऱ्याहून चाळीस किलोमीटरच्या आत-बाहेर आणंद आहे.

अमूलची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. १९४६ साली खेडा जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी दूध व्यापाऱ्याला न घालता आपला संघ उभारला. त्रिभुवनदास पटेल त्याचे पुढारी होते. १९४९ साली व्हर्गीस कुरियन आणंदला आले. आरंभी दोन गावांच्या सोसायट्या आणि दिवसाला सुमारे २५० लिटर दूध, एवढाच पसारा होता. पण आपल्या आजच्या विषयाला उपयोगी भाग पुढचा आहे. १९६६ साली मुंबईच्या सिल्व्हेस्टर दा कुन्हा यांच्याकडे अमूल लोण्याच्या जाहिरातीचे काम आले आणि युस्टेस फर्नांडिस यांनी ठिपक्यांचा झगा घातलेली ती खट्याळ मुलगी काढली. तिचे फलक नीट पाहा. क्रिकेटचा सामना, निवडणूक, नवा सिनेमा, महागाई, जे लोकांच्या तोंडी असेल त्यावर ती दोन शब्द बोलते. लोण्याचे नाव खाली कोपऱ्यात असते. लोक फलक पाहायला थांबतात ते त्या दोन शब्दांसाठी. आता तीच मुलगी फलकांबरोबर फेसबुक-इन्स्टाग्रामवरही बोलते. साधन बदलले, रीत तीच राहिली.

याच संघांच्या परिवाराने याहून मोठे काम ‘मंथन’ चित्रपटाच्या रूपाने केले. १९७६ सालच्या या चित्रपटासाठी गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले. दिग्दर्शन श्याम बेनेगल यांचे, पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची. त्यात कोठेही ‘आमचे लोणी घ्या’ म्हटलेले नाही. गावात दूध सोसायटी उभी राहते तेव्हा कोण आडवे येतो, जातपात कशी मधे येते, एवढीच गोष्ट आहे. तरीही सहकारी दुधाची जी ओळख तिने घरोघर पोहोचवली ती शंभर फलकांनी झाली नसती. पुढे हाच चित्रपट इतर प्रांतांतील खेड्यांत सोसायटीचे काम समजावण्यासाठी दाखवला गेला.

परदेशातले उदाहरणही शेतीचेच आहे. अमेरिकेत नांगर बनवणाऱ्या जॉन डियर कंपनीने १८९५ साली शेतकऱ्यांसाठी ‘द फरो’ नावाचे नियतकालिक सुरू केले. फरो म्हणजे नांगराचे तास. त्यात शेती सुधारण्याची माहिती येई आणि शेतकरी ती जपून वाचत. ज्याच्याकडून वर्षानुवर्षे उपयोगाची माहिती मिळाली, त्याचे नाव नांगर घेण्याची वेळ आल्यावर आठवणारच. ते नियतकालिक अजून निघते.

आता कोणी म्हणेल, अमूलपाशी पैसा आहे, चित्रकार आहेत, आमच्यापाशी काय आहे? आपल्यापाशी शेत आहे. शहरातल्या माणसाने पाहिलेले नसते असे आपल्या बांधावर रोज काहीतरी घडते. तुरीला फुले लागली, कपाशीवर पहिले बोंड फुटले, केळीचा घड बाहेर पडला, यांचे आपल्याला नवल नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला आहे. त्याला रोपवाटिकेतले वांग्याचे रोप आज दाखवा, काही आठवड्यांनी फूल दाखवा, मग पहिले फळ दाखवा. ज्याने रोप पाहिले आहे तो ते वांगे आपले समजून मागतो. विनोद करण्याच्या, शाब्दिक कोट्या करण्याच्या फंदात मात्र पडू नये. ते दा कुन्हांना साधले, सर्वांना साधत नाही.

सणावाराचा विचार आधीपासून करावा. उत्तरायणाला वडोदऱ्यात घरोघर उंधियू होतो आणि संक्रांतीच्या आदल्या दिवशी मराठी घरांत भोगीची मिसळीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी होते. दोन्ही भाज्यांना वांगी आणि वालाच्या शेंगा लागतात. जो शेतकरी डिसेंबरच्या अखेरीस सांगेल की ‘आमच्याकडे पापडी, लहान वांगी आणि हिरवी लसूण अमुक दिवशी निघेल, पाच माणसांच्या उंधियूला इतकी लागते’, त्याच्याकडे मागण्या आपण होऊन येतील. सण उलटल्यावर त्याच पापडीचे काय होते हे सांगायला नको.

भाषेविषयीही एक सूचना आहे. गायकवाडांच्या या नगरात दांडिया बाजार, रावपुऱ्याकडे मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि बाकी शहर गुजराती बोलते. गुजरातीत ‘रताळू’ म्हणजे जांभळा कंद, ज्याला आपण कोनफळ म्हणतो. आपल्या रताळ्याला ते ‘शक्करिया’ म्हणतात. उपवासासाठी रताळी मागवलेल्या मराठी बाईंच्या हाती कोनफळ पडले तर चूक कोणाची? संदेश दोन्ही भाषांत लिहावा आणि जवळ फोटो ठेवावा.

वसईची सुकेळी आपल्यापैकी काहींनी खाल्ली असतील. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात आणि केळीच्याच वाळल्या पानांत बांधतात. नुसते ‘सुकेळी मिळतील’ लिहिले तर अनोळखी माणूस काळपट रंग पाहून बिचकेल. वाळवण्याचे चार दिवसांचे चार फोटो दाखवले तर तोच माणूस किंमत विचारील. आपले पापड, लोणची, हळद, गूळ यांनाही हे लागू आहे.

साधनांचे सांगायचे तर सुरुवातीला व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस पुरे. ते २०१८ पासून मिळते, त्याला पैसे पडत नाहीत, त्यात मालाची सूची फोटो व दरासह ठेवता येते. गटापेक्षा ‘ब्रॉडकास्ट’ यादी बरी. एका यादीत २५६ नावे बसतात आणि प्रत्येकाला संदेश स्वतंत्र मिळतो, इतरांच्या गप्पांचा त्रास नसतो. मात्र ज्याने आपला क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये साठवला असेल त्यालाच तो पोहोचतो, म्हणून पहिल्या भेटीतच तशी विनंती करावी. आठवड्यातून दोन संदेश भरपूर झाले. एकात शेतातली हकिगत, दुसऱ्यात माल, वजन, दर आणि पोहोचवण्याचा वार. ‘स्टेटस’ चोवीस तासांनी पुसले जाते, तेथे रोजचा फोटो टाकायला हरकत नाही. फोटो सकाळच्या उन्हात काढावा आणि लोकांना आहे तसा माल दिसू द्यावा. वाकडी काकडी वाकडीच दिसू द्या.

सगळा माल मोबाईलच्या भरवशावर ठेवू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. समजा पन्नास घरे आठवड्याला दोन-दोन किलो भाजी घेतात. झाले शंभर किलो. उरलेल्या मालाला बाजार लागतोच. पण त्या शंभर किलोंचा भाव आपण ठरवलेला असतो आणि शाळेची फी किंवा औषधाचा खर्च नेमका तेवढ्यावर निघू शकतो. घरे वाढवण्याआधी वार चुकत नाही ना, वजन भरते ना, हे पाहावे. दोनदा भाजी उशिरा गेली की शंभर फोटोंची मेहनत वाया जाते.

हे पान शेतीबरोबर आरोग्याचेही असल्याने पुढचा मुद्दा आम्ही जरा निग्रहाने मांडतो. आपला माल खपावा म्हणून ‘कारल्याच्या चूर्णाने मधुमेह बरा होतो’, ‘हळदीने कर्करोग जातो’ असे संदेश आपल्यातले लोकही पुढे ढकलतात. औषधे व जादुई उपचार यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध १९५४ पासून कायदा आहे आणि मधुमेह, कर्करोग ही नावे त्याच्या यादीत आहेत. कायद्याची गोष्ट बाजूला ठेवली तरी, आपले चूर्ण घेऊन एखाद्या आजीने इन्सुलिन थांबवले तर काय होईल याचा विचार करावा. भाजी भाजी म्हणूनच विकावी. कारल्याची भाजी कशी करावी हे मात्र खुशाल लिहावे.

‘सेंद्रिय’ शब्दाचेही तसेच. २०१७ च्या नियमांनुसार सेंद्रिय म्हणून माल विकायचा तर प्रमाणपत्र लागते. थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान उत्पादकाला काही सवलत आहे, पण ‘जैविक भारत’चे चिन्ह त्यालाही प्रमाणपत्राशिवाय लावता येत नाही. फवारणी केली असेल तर केली म्हणावे. औषधाबरोबरच्या माहितीपत्रकावर तोडणीपर्यंत किती दिवस थांबायचे ते लिहिलेले असते. ‘सोमवारी फवारणी झाली, म्हणून या आठवड्यात वांगी देणार नाही’ असा एक संदेश पाठवून पाहा. एवढे खरे बोलणारा भाजीवाला शहराने फारसा पाहिलेला नाही. शेतातली कच्ची भाजी विकणाऱ्या शेतकऱ्याला २००६ चा अन्न सुरक्षा कायदा लागू होत नाही, परंतु लोणचे, पापड, तूप असे तयार पदार्थ विकायचे तर नोंदणी करून तो क्रमांक पाकिटावर छापावा लागतो.

आणखी एक. फेसबुक असो वा इन्स्टाग्राम, ती जमीन आपल्या नावावर नाही. आपण तेथे कुळासारखे आहोत. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली तेव्हा ज्यांचे सारे चाहते तेथेच होते त्यांचा संपर्क एका रात्रीत तुटला. म्हणून ग्राहकाचे नाव, क्रमांक, सोसायटी आणि त्याला काय आवडते हे साध्या वहीत लिहून ठेवावे. वही घरातल्या बाईच्या ताब्यात असावी. आमच्या पाहण्यात ती कामे बायका नेटाने करतात आणि कोणाच्या घरी कोणाला वांगे चालत नाही हे त्यांच्याच लक्षात राहते.

शेवटी पैशांची सावधगिरी. नाव पसरू लागले की अनोळखी लोकांचेही फोन येतात, आणि त्यांत ठग असतात. कोणी स्वतःला लष्करी अधिकारी म्हणवतो, छावणीसाठी पन्नास किलो माल मागतो, भाव न विचारता होकार देतो आणि ‘पैसे मिळण्यासाठी’ क्यूआर चित्र पाठवून ते स्कॅन करायला सांगतो. यूपीआयने पैसे घेताना काही स्कॅन करावे लागत नाही आणि गुप्त पिन तर कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. पैसे आले असे समोरचा म्हणाला तरी आपले खाते उघडून पाहावे, मगच माल चढवावा. फसवणूक झालीच तर लाजून घरी बसू नये. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा, बँकेला कळवावे, आणि व्यवहाराचा क्रमांक, वेळ व त्या माणसाचे संदेश पुसून न टाकता जपून ठेवावेत. तक्रार जितकी लवकर जाईल तितकी रक्कम वाटेतच अडवली जाण्याची शक्यता अधिक असते.