पाळी संपली, पहारा बाकी

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि पुढच्या दोनेक दशकांत चिंचवड, आकुर्डी, भोसरी हा पट्टा कारखान्यांनी भरून गेला. त्या काळात कायम नोकरीला लागलेली पिढी केव्हाच निवृत्त झाली, तिच्या मागून आलेली आता होते आहे. नगर, जालना या भागांतून पोटासाठी इकडे आलेली मराठी ख्रिस्ती कुटुंबंही तिच्यात आहेत. तिकडे चाकणला २००९-१०च्या सुमारास फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ, महिंद्र असे मोटारींचे मोठे कारखाने सुरू झाले. त्यांच्या आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या कारखान्यांच्या आधाराने महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी इथल्या खोल्यांत ठेकेदारी कामगारांची तरुण पिढी राहते आहे. दोन्ही पिढ्यांच्या मध्ये अंतर जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटरचं. पण एकीला दुसरीची ओळख नाही. निवृत्तीनंतर ख्रिस्ती माणसाने करायचं काय, हा प्रश्न या पट्ट्यात तरी या अंतराला वगळून सोडवता येत नाही, असं माझं मत आहे. खालचा संवाद कल्पित आहे. त्यात प्रश्न विचारणारा निवृत्तीला आलेला टूलरूममधला कामगार आहे आणि उत्तरं देणारे धर्मशास्त्राचे अध्यापक.

कामगार : सर, कुणी निवृत्त झालं की पाळकसाहेब हमखास म्हणतात, आता तुम्ही प्रभूच्या सेवेला मोकळे झालात. ऐकायला बरं वाटतं. पण तीस-पस्तीस वर्षं तीन पाळ्यांत झिजलेल्या माणसाला पुन्हा कामाला जुंपायचं ही कसली सेवा? त्याला आराम नको का?

अध्यापक : हवा, आणि आधी तोच हवा. निवृत्त झाला की माणूस खचतो, म्हणून त्याला ताबडतोब कशात तरी गुंतवा, असं आपण सरसकट बोलतो. पुरावा काही वेगळंच सांगतो. फ्रान्सच्या सरकारी वीज आणि गॅस कंपनीतल्या चौदा हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांचा निवृत्तीच्या सात वर्षं आधीपासून सात वर्षं नंतरपर्यंत मागोवा घेतला गेला. २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ने तो अभ्यास छापला. निवृत्तीनंतर या लोकांना आपली तब्येत आठ-दहा वर्षांनी तरुण झाल्यासारखी वाटू लागली होती. सर्वांत जास्त सुधारणा कुणाची, तर ज्यांचं काम त्रासाचं होतं त्यांची. साहेबाच्या खुर्चीत सुखाने बसलेल्यांना फारसा फरक जाणवला नाही. म्हणजे मशिनशॉपमधून बाहेर पडलेल्या माणसाला सुटल्यासारखं वाटलं, तर त्यात विश्वासाची उणीव नाही. पहिले सहा महिने त्याने झोप पुरी करावी, गावी जाऊन यावं. मंडळीने त्याच्या मागे लागू नये.

कामगार : मग प्रश्नच मिटला की. सहा महिन्यांचा आराम पुढे वीस वर्षांचा केला तर?

अध्यापक : तिथे दुसरा पुरावा आडवा येतो. अमेरिकेत पन्नाशीपुढच्या जवळपास सात हजार लोकांच्या पाहणीवर आधारलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष्याला काही उद्देश आहे असं ज्यांना ठामपणे वाटत होतं, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण कमी आढळलं. अर्थात जो मुळात धडधाकट आहे त्यालाच उद्देश सुचतो, असंही असू शकतं. तेव्हा या अभ्यासावर मी फार मोठी इमारत बांधणार नाही. पण दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले तर एवढं दिसतं की माणसाला जाच सुटायला हवा असतो, अर्थ सुटायला नको असतो. हा फरक पवित्र शास्त्रात फार जुन्या काळीच केलेला आहे. गणनेच्या पुस्तकाचा आठवा अध्याय काढा. लेव्यांनी पंचविसाव्या वर्षी सेवेला लागावं आणि पन्नासाव्या वर्षी कामातून मोकळं व्हावं, असा तिथे नियम आहे. ते काम काय होतं, तेही बघा. दर्शनमंडप सोडायचा, फळ्या, खांब, बैठका वाहायच्या, पुढच्या मुक्कामी पुन्हा उभारायचा. आदल्याच अध्यायात गेर्षोनाच्या घराण्याला दोन गाड्या आणि मरारीच्या घराण्याला चार गाड्या दिल्या आहेत. कहाथाच्या घराण्याला एकही नाही, कारण पवित्र वस्तू खांद्यावरूनच न्यायच्या होत्या. अंगमेहनतीच्या माणसाला वय झाल्यावर हक्काने सोडवणारा हा नियम आहे. पण तो तिथे संपत नाही. पन्नाशीनंतर लेव्याने ते काम करू नये, मात्र दर्शनमंडपात आपल्या भाऊबंदांच्या मदतीला राहावं, रक्षण करावं, असं पुढे सांगितलं आहे. ओझं तरुणाच्या खांद्यावर गेलं. जाणत्याकडे पहारा आला.

कामगार : पहारा म्हणजे आमच्याकडे पंच कमिटीच म्हणायची! निवृत्त झालेला जो तो तिकडेच धावतो.

अध्यापक : माझी खरी तक्रार तीच आहे. कारखान्यात फोरमन म्हणून चाललेला शब्द गेटबाहेर आल्यावर चालेनासा होतो, म्हणून माणूस तो मंडळीत चालवू बघतो. मग खजिनदारपदासाठी गट पडतात, पाळकाच्या बदलीवरून अर्ज जातात. त्या निवडणुकांमध्ये किती चांगल्या माणसांची उतारवयं करपली, हा एक स्वतंत्र लेखाचा विषय आहे. लेव्यांच्या नियमात ज्येष्ठाच्या वाट्याला साथ आली आहे, हुकूम आलेला नाही. मराठी ख्रिस्ती समाजाला याचा मोठा दाखला घरातच आहे. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली, ठरलेला पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात जागा होती. त्यानंतर त्यांना जेमतेम दोन वर्षं मिळाली. १९१९ मध्ये ते वारले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं होतं, दहा-अकरा अध्यायांवर थांबलेलं. पुढचे साठहून अधिक अध्याय लिहून ते पुरं केलं लक्ष्मीबाईंनी, शाळेची पायरी न चढलेल्या बाईंनी आणि तेही वैधव्यात.

कामगार : ती मोठी माणसं, सर. आम्हांला ना ओवी येते ना उपदेश करता येतो. आमच्या हातात मायक्रोमीटर.

अध्यापक : मग मायक्रोमीटरवाल्याने ओवी कशाला लिहावी? सेवा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे प्रार्थना, संडे स्कूल आणि इस्पितळातली भेट एवढंच येतं. ते चांगलंच आहे. हन्ना संदेष्ट्री चौऱ्याऐंशी वर्षांची विधवा होती आणि मंदिर सोडून जात नव्हती. तिचं मोल लूकने जाणलं. पण या पट्ट्यात तुमच्या पिढीकडे एक असं ज्ञान आहे जे उपासनेच्या पुस्तकात नाही आणि ज्याच्यावाचून चाकणच्या पोरांचं अडतं. पॉवर प्रेसवर बोटं कशी जातात, सेन्सर बंद ठेवून उत्पादन कसं वाढवतात, हे तुम्हांला माहीत आहे. अपघात झाला की तो नोंदवून घ्यायचा असतो, हेही माहीत आहे. ईएसआयचा विमा असलेल्या कामगाराला आजारपणात मजुरीच्या ७० टक्के आणि कामावरच्या अपघाताने तात्पुरतं अपंगत्व आलं तर ९० टक्के रक्कम मिळते. कायमचं अपंगत्व राहिलं तर कमाईची ताकद किती घटली त्या प्रमाणात दरमहा पैसे मिळतात. ठेकेदार बदलला की पोराचा यूएएन दुसराच निघतो, आधारवर नाव एक आणि पीएफच्या खात्यात दुसरं, आणि दोन वर्षांची कमाई अडकून बसते. बाहेरच्या राज्यातून आलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला हे सांगणारं कुणी नसतं. टाइम ऑफिसमध्ये उभी हयात घालवलेला माणूस ते कागद तासाभरात लावून देईल. यापेक्षा शुद्ध पहारा मला तरी ठाऊक नाही.

कामगार : पण ही तर कंपनीची आणि सरकारची जबाबदारी. आम्ही फुकट राबलो की त्यांचं फावेल. युनियनमध्ये वाढलेल्या माणसाला हे पटायचं नाही.

अध्यापक : पटू नयेच. कंपनीच्या आत जाऊन बिनपगारी सेफ्टीचं काम करू नका. त्यासाठी माणूस नेमणं मालकाचं कर्तव्य आहे. तुमची जागा गेटच्या बाहेर, कामगाराच्या बाजूला आहे. मालकाचं काम तुम्ही करायचं नाही. ते तो करत नसेल तर ते मागायला पोराला शिकवायचं. दया आणि न्याय यांची फारकत संदेष्ट्यांनी कधी केली नाही. याकोबाच्या पत्रात शेत कापणाऱ्यांची अडकवलेली मजुरी देवाच्या कानी जाते. धर्मादाय खिचडी वाटून अडकलेली मजुरी विसरायला लावणारी सेवा मला ख्रिस्ती वाटत नाही.

कामगार : आणि लोक काय म्हणतील? ख्रिस्ती माणूस परक्या पोराच्या खोलीवर गेला की लगेच धर्मांतराची चर्चा सुरू होते. आम्हांला इथेच राहायचंय.

अध्यापक : हा आक्षेप टाळण्यासारखा नाही आणि भीतीही खोटी नाही. उत्तर आपल्या वागण्यातच असलं पाहिजे. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात जखमी माणसाची जात, धर्म, गाव काहीच विचारलेलं नाही. जखमा बांधल्या, उतारशाळेत नेलं, खर्चाची सोय केली आणि शोमरोनी आपल्या वाटेने गेला. पीएफचा अर्ज भरताना प्रार्थनेची अट घालणं म्हणजे अडलेल्याचा फायदा घेणं आहे. कायद्याच्या आधी सुवार्तेलाच ते सोसत नाही. कुणी आपण होऊन विचारलं की हे का करता, तर खरं ते सांगा, लपवू नका. त्याहून बरं म्हणजे हे काम एकट्या मंडळीचं ठेवूच नका. देहू आणि आळंदी या पट्ट्याच्या दोन टोकांना आहेत, शेजारच्या सोसायटीतले निवृत्त वारकरी टर्नर-फिटर तुमचेच जुने सोबती. त्यांच्याबरोबर एका टेबलाशी बसा. तुकोबांवर जीव असलेल्या टिळकांना हे वावगं वाटलं नसतं.

कामगार : पोट भरलेल्याने सेवा करावी, सर. आमचं पेन्शन तुम्हांला माहीत आहे.

अध्यापक : माहीत आहे, आणि इथे मला मंडळीलाच बोल लावायचा आहे. ईपीएस-९५चं साधं गणित बघा. पंधरा हजारांच्या पगारमर्यादेवर पस्तीस वर्षं भरली तरी महिना साडेसात हजारांच्या आसपास हातात येतात. किमान पेन्शन २०१४ मध्ये एक हजार ठरलं. अशा घरातला माणूस साठीनंतर सोसायटीच्या गेटवर बारा-बारा तास सिक्युरिटीची ड्यूटी करतो, तेव्हा त्याला सेवेचं प्रवचन देणं निर्दयपणाचं आहे. पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात साठ वर्षांपुढच्या विधवांची यादी करायला सांगितलं आहे. ती यादी पोसण्यासाठी होती आणि त्या बायकांच्या प्रार्थनेला व सत्कृत्यांना मानही त्याच ठिकाणी दिलेला आहे. आधार आणि सेवा एकाच वहीत. आपल्या मंडळ्यांनी ही वही कधीच मिटली. ज्याला बस-रिक्षाचे पैसे परवडत नाहीत त्याला महिन्याचा प्रवासखर्च देऊन चाकणला पाठवा. इमारतीच्या रंगकामासाठी वर्गणी निघते, तशी यासाठीही निघेल.

कामगार : बायकांचं काय? आमच्या घरी निवृत्त झालो मी एकटाच.

अध्यापक : हा प्रश्न पुरुष विचारत नाहीत. तुम्ही विचारलात, बरं झालं. नवरा घरी बसला की घरातल्या बाईची पाळी कमी होत नाही, उलट चहाच्या फेऱ्या वाढतात. वर नातवंडं असतात, सून-मुलगा दोघंही नोकरीला. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात अन्नवाटपाची तक्रार आली, तेव्हा ते काम पाहायला सात पुरुष निवडले गेले, आणि चांगला नावलौकिक असलेले, ज्ञानी पुरुष. निवृत्त ख्रिस्ती पुरुषाने सकाळचा स्वयंपाक उचलला, तर महिला मंडळातल्या कित्येक जणी चाकणच्या कामगार बाईला सव्वीस आठवड्यांच्या बाळंतरजेचा हक्क समजावून सांगायला मोकळ्या होतील. हे काम पुरुषांना तितकंसं जमणारही नाही.

कामगार : शेवटची शंका. आयुष्यभर उत्पादनाच्या आकड्यावर आमची किंमत ठरली. आता पुन्हा काहीतरी करूनच देवापुढे किंमत सिद्ध करायची का? मग कृपेचा अर्थ काय?

अध्यापक : सिद्ध काही करायचं नाही. अंथरुणाला खिळलेला, स्मृती गेलेला, हात थरथरणारा माणूस काही न करताही देवाचा तेवढाच लाडका आहे, आणि ज्या मंडळीत त्याला तसं वाटत नाही ती मंडळी कारखान्यापेक्षा वेगळी नाही. बर्जिल्लय ऐंशी वर्षांचा होता. दावीद राजाने यरुशलेमेला येण्याचं निमंत्रण दिलं, तेव्हा त्याने वयाचं कारण देऊन ते नाकारलं आणि आपल्या जागी किम्हामाला पाठवलं. राजाने त्याचं चुंबन घेऊन आशीर्वाद दिला. नाही म्हणणाराही शास्त्रात सन्मानाने घरी जातो. मी बोलतोय ते ज्याच्या अंगात अजून बळ आहे आणि दुपार जाता जात नाही त्याच्याबद्दल. त्याच्यावर आता टार्गेट नाही, हजेरी नाही, बढती अडवणारं कुणी नाही. तरीही तो उठून गेला तर त्या जाण्यात भीती नसते. नोकरीत असताना असं निव्वळ मनापासून काही करायला फार थोड्यांना मिळतं.

कामगार : मग सुरुवात कुठून करू?

अध्यापक : स्वतःच्या कागदांपासून. पेन्शनचा हयातीचा दाखला वर्षातून एकदा मोबाइलवरूनसुद्धा देता येतो. आधी स्वतःचा देऊन बघा, मग मंडळीतल्या विधवांचे भरून द्या. आणि आणखी एक. निदान पाच वर्षं ईएसआयच्या विम्यात राहून जो नियमाने निवृत्त झाला, त्याला आणि त्याच्या पत्नीला वर्षाला १२० रुपये भरून उपचार मिळत राहतात. मोहननगरला ईएसआयचं रुग्णालय आहे. येत्या रविवारी उपासना झाली की दारात उभे राहा आणि निवृत्तांपैकी किती जणांनी हे १२० रुपये भरले आहेत, ते विचारा.