पद्मिनीचं ॲव्हरेज: काही कानमंत्र

पोरी, वडिलांची पद्मिनी तू विकली नाहीस याचा मला फार आनंद आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेली ही 1089 सीसीची गाडी नीट राखली तर आजही भरवशाची आहे. ती पेट्रोल फार पीत असेल, तर कुठला तरी भाग मापाबाहेर गेला आहे असं समज. ते माप जागेवर आणलं की ॲव्हरेज मिळतं. पेट्रोलच्या नळीला लावायची चुंबकं आणि टाकीत टाकायच्या गोळ्या यांवर एक पैसाही घालवू नकोस.

आधी मोज. एकाच पंपावर, नोझल आपोआप बंद होईपर्यंत पेट्रोल भर आणि किलोमीटर लिहून ठेव. पुढच्या वेळी तिथेच, तसंच भर. जुन्या गाडीचा मीटर कमी-जास्त दाखवतो, म्हणून हायवेच्या किलोमीटरच्या दगडांवरून तो एकदा पडताळून घे. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नकोस. दोन-तीन टाक्यांची सरासरी धर.

गळती शोध. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी पेट्रोलचा वास येतो का? टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची नळी, गाडीतल्या फ्युएल पंपाचा डायफ्रॅम, सगळं तपास. कार्बोरेटरमधल्या फ्लोटची नीडल झिजली की तो ओव्हरफ्लो होतो, आणि कितीही ट्यूनिंग केलं तरी उपयोग होत नाही. ही गळती आगीलाही निमंत्रण देते, म्हणून हे काम उद्यावर टाकायचं नाही.

चाकं मोकळी फिरू देत. हिच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. सपाट जागी बाकीच्या चाकांना दगड लाव, गाडी न्यूट्रलमध्ये ठेव, हँडब्रेक सोड आणि एकेक चाक जॅकवर उचलून हातानं फिरव. अडकत फिरलं तर ब्रेक धरून राहिला आहे. मेकॅनिककडून सेट करून घे. टायरमधली हवा सकाळी, टायर थंड असताना तपास. पुढच्या चाकांचं अलाइनमेंट बिघडलं की टायरही झिजतात आणि पेट्रोलही जातं.

कार्बोरेटरला शेवटी हात लाव. बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात, आणि तिथेच घोळ होतो. आधी टॅपेट, मग प्लग, मग पॉइंटचा गॅप, मग टायमिंग, आणि सगळ्यात शेवटी कार्बोरेटरचा स्लो (आयडलिंग) सेट करायचा. पॉइंटचा गॅप सुमारे 0.45 मिलिमीटर असतो. तो फीलर गेजनंच बघायला सांग, नजरेच्या अंदाजानं नको. गॅप बदलला की टायमिंग बदलतं, म्हणून हा क्रम मोडायचा नाही. एअर फिल्टरही बघ. नंतर प्लग काढून त्याचा रंग बघ: काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त जातंय, पांढराफटक असेल तर कमी, बिस्किटासारखा तपकिरी असेल तर बरोबर.

कार्बोरेटरमध्ये लहान जेट टाकून घेऊ नकोस. मिश्रण फार पातळ झालं की इंजिन तापतं आणि व्हॉल्व्ह जळतात. शिवाय गाडीत जोर राहत नाही, म्हणून तू ॲक्सिलरेटर जास्तच दाबतेस. आताच्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर तर हे मुळीच करू नकोस. इथेनॉलमुळे मिश्रण आधीच पातळ होतं. लिटरमागे त्याची ऊर्जाही पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडं घटणारच. तो गाडीचा दोष नाही. मात्र जुन्या रबरी नळ्या आणि डायफ्रॅम इथेनॉलला टिकतील असे बदलून घे.

इंजिन गरम होऊ दे. गाडी तापते म्हणून अनेक गॅरेजवाले थर्मोस्टॅटच काढून टाकतात. मग इंजिन गरम व्हायला वेळ लागतो आणि तोवर पेट्रोल वाया जातं. रेडिएटर साफ करून घे आणि थर्मोस्टॅट परत बसव. चोक ओढलास तर इंजिन सावरताच आत ढकल; ओढलेला राहिला तर जादा पेट्रोल सिलिंडरवरचं ऑइलही धुऊन नेतं.

पाय हलका ठेव. गाडीनं वेग घेतला की वेळेवर चौथ्या गियरला ये, पण इंजिन धडधडू लागलं तर हट्ट न करता खालचा गियर टाक. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. मोकळ्या रस्त्यावर पन्नास-साठच्या वेगात ही उत्तम चालते. टपावरचा रिकामा कॅरियर काढून ठेव. क्लचवर पाय टेकवून चालवू नकोस.

घाटात न्यूट्रल कधीच नाही. खंडाळ्याच्या उतारावर गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे मी पाहिले आहेत. ड्रम ब्रेक सतत दाबले की तापतात, आणि तापले की धरत नाहीत. ज्या गियरमध्ये चढशील, त्याच गियरमध्ये उतर. चार थेंबांसाठी जीव धोक्यात घालायचा नाही.

येत्या रविवारी गळती, हवा आणि ब्रेक बघ. हे तुझं तुला जमेल. ट्यूनिंगसाठी जुना, पद्मिनीवर हात बसलेला मेकॅनिक शोध आणि तो काम करत असताना शेजारी उभी राहून शिकून घे. असे हात आता कमी होत चालले आहेत.