खरं यंत्र असताना संगणकातलं यंत्र कशाला?

प्रश्न : मी मलकापूरला अभियांत्रिकी शिकतो. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत रेडिओ लहरींनी हायड्रोजन तापवून ऋण आयन तयार करतात आणि त्या प्लाझ्माचं संगणकावर गणिती प्रारूपही मांडतात, असं एका व्याख्यानात ऐकलं. ऋण आयनच का हवेत? आणि खरं यंत्र हाताशी असताना संगणकातल्या यंत्राचा खटाटोप कशाला?
– एक वाचक, मलकापूर (जि. बुलढाणा)

उत्तर : तुमच्या गावावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ सुरू होतो गुजरातेतल्या हजिऱ्याला. फ्रान्समध्ये उभ्या राहत असलेल्या ‘इटर’ या संमीलन प्रकल्पाचं क्रायोस्टॅट, म्हणजे सुमारे ३० मीटर उंचीचं पोलादी निर्वात पात्र, लार्सन अँड टुब्रोच्या हजिऱ्याच्या कारखान्यातून तुकड्यातुकड्यांनी गेलं. इटरमधला भारताचा दुसरा एक वाटा आहे उदासीन हायड्रोजनच्या कणझोताचा. त्याचं काम गांधीनगरला चालतं आणि तुमचा प्रश्न थेट त्याच्याशी जाऊन भिडतो.

इटरच्या पोटात १५ कोटी अंशांचा प्लाझ्मा चुंबकांनी धरून ठेवायचा आहे. बाहेरून भारित कण मारला तर तेच चुंबक त्याला वळवून लावतात, म्हणून आत शिरणाऱ्या कणावर भार नको. पण भारच नसेल तर विजेच्या दाबाने त्याला वेग कसा देणार? तेव्हा वेग देताना भार ठेवायचा आणि वाटेत काढून टाकायचा, एवढाच मार्ग उरतो.

धन आयनाला वाटेत इलेक्ट्रॉन मिळाला की तो उदासीन होतो. मात्र वेग फार वाढला की इलेक्ट्रॉन पकडायला त्याला सवडच मिळत नाही. ऋण आयनाचं उलटं आहे. त्याच्याजवळचा जादा इलेक्ट्रॉन जेमतेम ०.७५ इलेक्ट्रॉनव्होल्टने बांधलेला असतो. हायड्रोजनचा स्वतःचा इलेक्ट्रॉन सोडवायला १३.६ लागतात. झोत विरळ वायूतून नेला की तो जादा इलेक्ट्रॉन गळून पडतो. इटरमध्ये प्लाझ्मा तापवण्यासाठी जे मोठे झोत आहेत, त्यांना १० लाख व्होल्टचा दाब लागतो. तिथेही साधारण ६० टक्के ऋण आयन असे उदासीन होतात, तर धन आयनांच्या बाबतीत हे प्रमाण नगण्य असतं. भारताचा झोत १ लाख व्होल्टचा आहे आणि त्यासाठी ६० अँपिअर ऋण आयन हवेत. तो तापवण्यासाठी नाही. संमीलनातून हीलियमची किती राख साठली, हे झोतामुळे निघणाऱ्या उजेडावरून मोजायचं आहे.

खरी अडचण याच ढिल्या इलेक्ट्रॉनची आहे. जो सहज गळतो, तो नको तिथेही गळतो.

आता उगमस्थान पाहू. चिनी मातीसारख्या कुचालक नळकांड्याभोवती तांब्याची गुंडाळी असते. तिच्यातून सेकंदाला १० लाख आवर्तनं करणारा प्रवाह सोडतात, एकेका नळकांड्याला १०० किलोवॅटपर्यंत. हे इंडक्शन शेगडीसारखंच आहे, फक्त भांड्याच्या जागी वायू. आतल्या हायड्रोजनचा दाब ०.३ पास्कल, म्हणजे आपल्या हवेच्या दाबाच्या तीन लाखांव्या हिश्श्याहूनही कमी. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे इलेक्ट्रॉन फेर धरतात, रेणूंवर आदळतात आणि प्लाझ्मा पेटतो. पूर्वी हे काम टंगस्टनच्या तारा करत. त्या झिजतात, बदलाव्या लागतात. किरणोत्सारी परिसरात ते परवडत नाही. म्हणून २००७ साली इटरने रेडिओ लहरींची पद्धत स्वीकारली. तिचं मूळ काम म्युनिकजवळच्या गार्शिंगचं. गांधीनगरचं ‘रॉबिन’ हे एका नळकांड्याचं यंत्र त्याच घराण्यातलं; इटरसाठीच्या भारतीय यंत्राला अशी ८ नळकांडी असतील.

नळकांड्यात इलेक्ट्रॉनांचं तापमान १० इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास, म्हणजे लाखभर अंशांच्या वर असतं. प्लाझ्मा पेटवायला ते हवंच. पण झोत बाहेर निघतो त्या जाळीपाशी एवढे तापट इलेक्ट्रॉन पोचले, तर ते ऋण आयनांचा जादा इलेक्ट्रॉन उडवून लावतात. म्हणून वाटेत आडवं चुंबकीय क्षेत्र ठेवून त्यांना १ इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत निववतात. जाळीवर सीझियमचा पातळ थर असतो. त्यावर आदळणारे हायड्रोजनचे अणू तिथला इलेक्ट्रॉन घेऊन ऋण आयन होऊन परततात.

या यंत्रात मोजमाप करायचं म्हणजे मोजक्या ठिकाणी शोधकाची सळई घालायची किंवा खिडकीतून उजेडाचा वर्णपट घ्यायचा. चुंबकाची जागा बदलून पाहायची तर यंत्र उघडा, पुन्हा निर्वात करा, सीझियम पुन्हा बसवा. चुंबक इथे ठेवला तर काय आणि तिथे ठेवला तर काय, हे आधी संगणकात पाहिलेलं केव्हाही स्वस्त पडतं. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं हे निम्मं उत्तर.

उरलेलं निम्मं समजायला कागद-पेन्सिल घ्या. प्लाझ्मामध्ये विद्युतभार ज्या अंतरापलीकडे झाकला जातो, त्याला डिबाय लांबी म्हणतात. या नळकांड्यातल्या प्लाझ्मात ती येते २० मायक्रॉनच्या आसपास. पार्टिकल-इन-सेल पद्धतीत जागेच्या चौकटी पाडतात आणि कणांना त्यांतून चालवतात. चौकट डिबाय लांबीपेक्षा मोठी झाली की गणित बिघडतं. नळकांडं पाव मीटर रुंद धरा. एका बाजूला १२,५०० चौकटी, तिन्ही बाजूंना मिळून सुमारे २ लाख कोटी. चौकटीमागे ५० कण धरले तर १ कोटी कोटी कण. प्रत्येकाची जागा आणि वेग लिहून ठेवायलाच पाच हजारांच्या जवळपास टेराबाइट स्मृती लागेल. काळाची पायरी काही पिकोसेकंदांची, म्हणजे रेडिओ लहरीच्या एकाच आवर्तनाला अडीच-तीन लाख पायऱ्या. आणि आवर्तनं मोजायची तर ढिगाने. गांधीनगरच्या ‘अंत्य’ या महासंगणकाची क्षमता सेकंदाला एकावर १५ शून्यं इतक्या क्रियांची आहे. तोही इथे हात टेकेल.

म्हणून प्रारूप करणाऱ्याचं कसब असतं काय गाळायचं हे ठरवण्यात. एक युक्ती अशी : निर्वाताची विद्युतपारगम्यता गणितात १०० पट वाढवायची. डिबाय लांबी १० पट होते, चौकटी हजारपट कमी. पण जाळीला चिकटून असलेला प्लाझ्माचा थरही १० पट जाड होतो. जाळीची भोकं अवघी १४ मिलिमीटरची. त्यांच्या तोंडाशी काय घडतं हेच ज्याला पाहायचं आहे, त्याला ही युक्ती नडते. दुसरी युक्ती : कण सोडून प्लाझ्मा द्रवासारखा मानायचा. मग संगणकाला हलकं जातं, पण १० लाख हर्ट्झला गुंडाळीतला प्रवाह इतका मोठा असतो की तिचं चुंबकीय क्षेत्र प्लाझ्माला ढकलतं. तो जोर समीकरणात घ्यायलाच हवा. तिसरी : तीनऐवजी दोन मिती. नळकांड्यापुरती ती चालून जाते. आडव्या चुंबकीय क्षेत्रापाशी मात्र प्लाझ्मा एका बाजूला सरकतो, क्षेत्र उलटं केलं की दुसऱ्या. चुकीच्या दोन मिती निवडल्या तर हे सरकणं गणितातून गायबच होतं, आणि प्रत्यक्ष यंत्रात झोत मात्र वर-खाली असमान निघतो.

तेव्हा खरं यंत्र असतानाही संगणकातलं यंत्र लागतं, कारण खरं यंत्र आत काय घडतंय ते पुरतं दाखवत नाही. आणि संगणकातल्या यंत्रावर खऱ्याचा पहारा लागतो, कारण ते गाळलेल्या गोष्टींबद्दल ब्र काढत नाही.

तुम्हाला हात घालायचा असेल तर एका मितीचं पार्टिकल-इन-सेल प्रारूप साध्या लॅपटॉपवर चालतं. ते स्वतः लिहून पाहा. चौकट निम्मी करा आणि उत्तर बदलतं का ते तपासा. बदललं तर त्या उत्तरावर विसंबू नका. आणि प्रत्येक आलेखाखाली आपण काय काय गाळलं, ते लिहायची सवय आतापासूनच लावून घ्या.