घटक ४ : अर्थसंकल्पाची भाषा – ‘मंजूर’ म्हणजे नेमके काय?

४.१ प्रास्ताविक

‘भंडारदरा परिसरातील रस्त्यासाठी दोन कोटी मंजूर’ अशी बातमी आपण वाचली, असे समजू. अकोले तालुक्यातील एखाद्या पाड्यावरचा वाचक या वाक्यातून एकच अर्थ घेतो : पैसे आले, आता काम सुरू होणार. वर्ष सरते, रस्ता होत नाही आणि ‘पैसे कोणी खाल्ले?’ हा प्रश्न चावडीवर येतो. पैसे खाल्ले गेले असतीलही. परंतु पुष्कळदा ते आलेलेच नसतात. ‘मंजूर’ या एका शब्दाखाली बातमीदाराने निरनिराळ्या टप्प्यांवरच्या गोष्टी एकत्र केलेल्या असतात.

प्रशासनिक मराठीचा अभ्यास म्हणजे पारिभाषिक शब्दांची यादी पाठ करणे, असा समज रूढ आहे. या घटकात आपण निराळ्या वाटेने जाणार आहोत. अर्थसंकल्पीय प्रक्रियेतील प्रत्येक शब्द कोण, कोणाला, कोणत्या अधिकाराने उच्चारतो, हे पाहिले की प्रक्रियाही समजते आणि शब्दही लक्षात राहतो.

४.२ संकल्प आणि विवरणपत्र

‘अर्थसंकल्प’ हा शब्द मोठा अन्वर्थक आहे. पूजेच्या आरंभी आपण संकल्प सोडतो, तेव्हा पूजा झालेली नसते; ती करण्याचा निश्चय तेवढा उच्चारलेला असतो. अर्थमंत्र्यांचे भाषणही असेच आहे. नगरपालिका व ग्रामपंचायतींच्या कारभारात आजही वापरात असलेला ‘अंदाजपत्रक’ हा जुना शब्द तर त्याहून प्रांजळ आहे. भारतीय संविधानाने मात्र हे दोन्ही शब्द टाळले. संसदेसाठी अनुच्छेद ११२ आणि राज्य विधानमंडळासाठी अनुच्छेद २०२ यांत ‘वार्षिक वित्तीय विवरणपत्र’ अशी संज्ञा येते. त्यातील ‘वार्षिक’ हे विशेषण कळीचे आहे. विधानमंडळ शासनाला एका वर्षापुरताच खर्चाचा अधिकार देते. ३१ मार्चला तो संपतो. उरलेली तरतूद ‘व्यपगत’ होते, किंवा विभाग ती आधीच ‘समर्पित’ करतो. न वापरलेल्या पैशाला ‘समर्पित’ हा भक्तिभावाचा शब्द लाभावा, ही कार्यालयीन मराठीची एक गंमतच म्हटली पाहिजे.

४.३ मागणी, अनुदान, विनियोजन

रोजच्या भाषेत मागणी नागरिक करतात आणि अनुदान शासन देते. अर्थसंकल्पाच्या भाषेत हे नाते उलटे होते. येथे मागणारे शासन असते आणि देणारे सभागृह. प्रत्येक विभागाचा मंत्री विधानसभेपुढे ‘अनुदानाची मागणी’ ठेवतो. सभागृह ती मान्य करते, कमी करते किंवा नाकारते. (वाढवू मात्र शकत नाही.) शासन हे मुळात याचक आहे, ही लोकशाहीतील मूलभूत कल्पना या दोन शब्दांत साठवलेली आहे आणि रोजच्या वापराने आपण ती विसरून गेलो आहोत.

हा अधिकार सहजासहजी मिळालेला नाही. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२ मध्ये व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात अर्थसंकल्पावर आपले पहिले गाजलेले भाषण केले, तेव्हा १८९२ च्या कायद्यानुसार सदस्यांना बोलण्याची मुभा होती, मत देण्याची नव्हती. १९०९ च्या सुधारणांनी ठराव मांडता येऊ लागले; ते सरकारवर बंधनकारक नव्हते. प्रवरा नदीवर भंडारदरा येथील दगडी धरणाचे काम १९१० मध्ये सुरू झाले, ते याच काळात. काम चालू असतानाच १९१९ चा कायदा आला आणि प्रांतिक कायदेमंडळाला मागण्यांवर मतदानाचा हक्क मिळाला. पण पाटबंधारे हा विषय ‘राखीव’ खात्यांत होता. राखीव खात्याची मागणी कायदेमंडळाने फेटाळली, तरी आपली जबाबदारी पार पाडण्यास तो खर्च आवश्यक आहे, असे प्रमाणित करून गव्हर्नर ती पुन्हा स्थापित करू शकत असे. १९२६ मध्ये धरण पूर्ण झाले आणि तत्कालीन गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव त्याला मिळाले. ज्यांच्या डोंगरांतले पाणी अडवले गेले, त्यांच्या प्रतिनिधीचे मत या खर्चावर निर्णायक ठरू शकेल, अशी व्यवस्था या धरणाच्या बांधकामाच्या सोळा वर्षांत एकदाही नव्हती.

आज अनुच्छेद २०३ प्रमाणे मागण्यांवर केवळ विधानसभा मतदान करते; विधान परिषद चर्चा करू शकते. संसदेतही हा हक्क लोकसभेचाच आहे. सदस्याला असहमती नोंदवायची असल्यास तो ‘कपात सूचना’ देतो. लोकसभेत धोरणाला विरोध असेल तर मागणी एक रुपयावर आणण्याची सूचना देतात, एखादे गाऱ्हाणे वेशीवर टांगायचे असेल तर शंभर रुपयांच्या कपातीची. शंभर रुपयांनी कोणाचेही नुकसान होत नाही; ती बोलण्यासाठी मिळवलेली जागा असते.

सर्वच खर्चावर मत होत नाही. विवरणपत्रात खर्चाचे ‘भारित’ आणि ‘दत्तमत’ असे दोन वर्ग असतात. ‘दत्तमत’ हा बहुव्रीही समास आहे : ज्यास मत दिलेले आहे ते. भारित खर्च, म्हणजे कर्जावरील व्याज, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन इत्यादी, थेट राज्याच्या एकत्रित निधीवर टाकलेला असतो. न्यायालयाच्या हुकूमनाम्याची रक्कमही याच वर्गात येते. जमीन संपादनाच्या वाढीव मोबदल्याचा दावा शेतकऱ्याने राज्य शासनाविरुद्ध जिंकला, तर ती रक्कम सभागृहाच्या मर्जीवर राहत नाही. प्रकल्पग्रस्त कुटुंबातील विद्यार्थ्यांनी हा एक शब्द अवश्य लक्षात ठेवावा.

चर्चेचे दिवस मोजके असल्याने अनेक मागण्या अखेरच्या दिवशी चर्चेविना एकत्र मतास टाकल्या जातात. संसदेत याला ‘गिलोटिन’ म्हणतात. फ्रेंच राज्यक्रांतीत या यंत्राने माणसांची मुंडकी उडत. येथे चर्चेची उडते. संसदेत १९९३ पासून विभागनिहाय स्थायी समित्या मागण्यांची आधी छाननी करतात, त्यामुळे ही उणीव थोडीफार भरून निघते. २०१७ पासून केंद्रीय अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला मांडला जाऊ लागल्याने ही छाननी आटोपून मार्चअखेरपूर्वी मंजुरी पूर्ण करणे सोपे झाले.

मागण्या मान्य झाल्या तरी तिजोरीचे दार उघडत नाही. अनुच्छेद २०४ नुसार विनियोजन विधेयक मांडावे लागते. ‘विनियोजन’ म्हणजे ठरावीक रक्कम ठरावीक कामासाठी बांधून देणे. या कायद्याविना एकत्रित निधीतून एक रुपयाही काढता येत नाही. निवडणुकीमुळे पूर्ण प्रक्रिया शक्य नसेल तर काही महिन्यांपुरते ‘लेखानुदान’ घेतात. २०२४ मध्ये महाराष्ट्राचा अंतरिम अर्थसंकल्प २७ फेब्रुवारीला आणि अतिरिक्त अर्थसंकल्प २८ जूनला आला, तो लोकसभा निवडणुकीमुळे. वर्षाच्या मध्यात तरतूद अपुरी पडली तर ‘पुरवणी मागण्या’ येतात. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात त्यांच्या बातम्या आपण वाचतोच.

४.४ शीर्ष शोधणे

आता आपल्या रस्त्याकडे वळू. अर्थसंकल्पीय पुस्तकात तो कोठे शोधावा? प्रत्येक खर्चाला लेखाशीर्ष असते. मुख्य शीर्षाचे चार अंक असतात. पहिला अंक २ किंवा ३ असेल तर तो महसुली खर्च, ४ किंवा ५ असेल तर भांडवली. म्हणून रस्त्याची देखभाल ३०५४ खाली आणि नव्या रस्त्याचे बांधकाम ५०५४ खाली दिसते. पण अकोल्याच्या आदिवासी भागातील काम सार्वजनिक बांधकाम विभागाच्या पानांवर सापडेलच असे नाही. सुकथनकर समितीच्या शिफारशींनंतर महाराष्ट्राने आदिवासी लोकसंख्येच्या प्रमाणात वेगळी तरतूद करण्याची पद्धत स्वीकारली आणि तो निधी आदिवासी विकास विभागाच्या मागणीत एकत्र आला. चुकीच्या विभागाच्या पानांवर शोधणारा वाचक ‘आमचे नावच नाही’ असे म्हणत परततो.

नाव सापडले तरी वाट पुढे आहे. कामाला ‘प्रशासकीय मान्यता’ लागते, नंतर ‘तांत्रिक मान्यता’. तरतूद झाली तरी वित्त विभाग ती टप्प्याटप्प्याने ‘वितरित’ करतो. प्रशासकीय मान्यता म्हणजे काम करण्यास होकार; त्यात पैसा नसतो. तरतूद म्हणजे खर्चाची कमाल मर्यादा. तिच्यातही रोकड नसते. बातमीतील ‘मंजूर’ यांपैकी कशालाही लागू शकतो.

भंडारदऱ्याच्या खाली, त्याच प्रवरेवरील निळवंडे धरणाचे उदाहरण पाहा. या प्रकल्पाची कल्पना १९७० मध्ये पुढे आली. धरणाचे जलपूजन आणि डाव्या कालव्याचे लोकार्पण झाले २६ ऑक्टोबर २०२३ रोजी. तेव्हा प्रकल्पाचा खर्च सुमारे ५,१७७ कोटी रुपये सांगितला गेला. लाभ सात तालुक्यांतील १८२ गावांना. दिरंगाईची कारणे अनेक असतात आणि ती सर्व अर्थसंकल्पात शोधू नयेत. तथापि अर्ध्या शतकात पुरा होणारा प्रकल्प आणि एका वर्षात संपणारी तरतूद यांचा मेळ बसवणे अवघडच असते. एखाद्या वर्षी तरतूद अपुरी मिळाली की काम लांबते, लांबले की किंमत वाढते आणि वाढलेल्या किमतीला ‘सुधारित प्रशासकीय मान्यता’ लागते. तिचीही बातमी ‘मंजूर’ अशीच छापली जाते.

खर्च झाल्यानंतरची भाषा वेगळी आहे. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल सभागृहासमोर ठेवला जातो आणि लोकलेखा समिती त्यावर विभागांना विचारणा करते. त्या अहवालांतील ‘आढळून आले’, ‘निदर्शनास आणले’ या कर्मणी रचनांचा विचार आपण पुढील घटकात करू.

४.५ स्वाध्याय

१. ‘मागणी’ व ‘अनुदान’ या शब्दांच्या व्यावहारिक आणि अर्थसंकल्पीय अर्थांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.

२. ‘दत्तमत’, ‘व्यपगत’, ‘पुनर्विनियोजन’ या शब्दांची घटना सांगा.

३. उपक्रम : आपल्या तालुक्यातील ‘निधी मंजूर’ अशा तीन बातम्या जमवा. प्रत्येकीत ‘मंजूर’ हा शब्द प्रशासकीय मान्यता, तरतूद, पुरवणी मागणी की निधी वितरण यांपैकी कशासाठी आला आहे, ते बातमीतील अन्य शब्दांच्या आधारे ठरवा. ठरवता येत नसेल, तर बातमीदाराला कोणता एक प्रश्न विचारावा लागेल, तो लिहा.