वाचनपेटीतल्या परदेशी पोरांची हजेरी

पालमच्या कुठल्याही शाळेतली वाचनपेटी टेबलावर रिकामी करा. सोबत एक वही, पट्टी, पेन्सिल आणि निवांत दुपार. चला, घ्या हातात!

१. मुळात परदेशी असलेली पुस्तकं वेगळी काढा. मुखपृष्ठावरच्या गोऱ्या चेहऱ्यावर जाऊ नका. आतल्या पानावर मूळ लेखक आणि अनुवादक बघा.

२. त्यातली दहाच निवडा. सगळी घेतलीत तर तिसऱ्या पुस्तकानंतर नुसत्या रेघा ओढत बसाल.

३. वहीत चार रकाने आखा: कोण, कुठलं, काय करतं, कोण ठरवतं. शेवटचा रुंद ठेवा, तिथंच खरी गंमत आहे.

४. मजकूर न वाचता चित्रांतल्या माणसांच्या खुणा पहिल्या रकान्यात करा. ससे-अस्वलं यात धरू नका.

५. मुख्य पात्राचं गाव लिहा. ‘आफ्रिका’ लिहून मोकळे होऊ नका, तो अख्खा खंड आहे. गोष्टीत देशसुद्धा सांगितला नसेल तर जागा कोरी सोडा.

६. तिसऱ्या रकान्यात फक्त क्रियापदं भरा: पळतो, शोधते, भांडते. ‘बिचारा’ लिहावंसं वाटलं की पेन्सिल खाली ठेवा.

७. आता ‘कोण ठरवतं’ भरा. इथं घाई नको. ‘रॉबिन्सन क्रूसो’तला फ्रायडे पानोपानी दिसतो, पण त्याचं नावसुद्धा क्रूसो ठेवतो. चित्रांत खूण, या रकान्यात भोपळा. ‘हायडी’तली क्लारा चाकाच्या खुर्चीत असते आणि शेवटी चालू लागते; पायावर उभी राहिल्याशिवाय तिची गोष्ट गोड होत नाही, हेही टिपा. मग ‘तोत्तोचान’ उघडा. पोलिओ झालेल्या यासुआकीला तोत्तोचान झाडावर चढवते. इथंच थांबून ‘मदत घेणारा मुलगा’ लिहिलंत तर फसलात! वर बसल्यावर टेलिव्हिजन नावाचं नवल तोच तिला सांगतो. त्याला खूण द्या, ठसठशीत. (माझं हे लाडकं पान, पण खूण त्यासाठी नाही, त्यानं कमावली म्हणून.)

८. आवृत्तीचं साल बघा. ‘चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी’तले ऊम्पा-लूम्पा १९६४मध्ये आफ्रिकेतून आणलेले होते, १९७३च्या सुधारित आवृत्तीत ते बदलले. तुमच्या हातातली प्रत कुठली, हे कळल्याशिवाय शेरा मारू नका.

९. एक पुस्तक एखाद्या पोराला वाचायला द्या. गोष्टीतल्या नदीला ते ‘गंगा’ म्हणेल, बर्फापाशी अडखळेल. दुरुस्त करू नका.

१०. वाचून झाल्यावर विचारा, “तू यातलं कोण होशील?” उत्तर तुम्ही सुचवलंत की सगळी मेहनत पाण्यात.

११. चौथ्या रकान्यात जे कुठंच सापडलं नाही ते शेवटच्या पानावर लिहा: ठरवणारी मुलगी, न बघता वाट काढणारं पोर, जे असेल ते. पुढची खरेदी याच पानावरून. पैसे नसतील तर ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट मिळतात.

१२. क्रूसो पेटीत परत ठेवा. रागानं रद्दीत घालू नका, पोरांना वाद घालायला तो लागेल.

१३. त्याला खेटून वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ ठेवा. गुलामीत जन्मलेला तो मुलगा शिकायला कुठं जायचं ते स्वतः ठरवतो, आणि पुढं तो ज्यावर काम करतो त्या भुईमुगाशी आपल्या पोरांची ओळख आधीपासूनच आहे. पुस्तक जाड आहे. सातवीच्या खाली देऊ नका, उशाला घेतील.