वाशिष्ठी आणि दाभोळ : बंदराची पाठ

रत्नागिरी जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवा आणि वाशिष्ठी नदी शोधा. सह्याद्रीत उगम पावून चिपळूणवरून दाभोळजवळ समुद्राला मिळणारी ही नदी शंभर किलोमीटरही लांब नाही. तरीही तिच्या मुखाशी बहमनी आणि पुढे आदिलशाही राज्याचे एक प्रमुख बंदर उभे राहिले. असे का झाले असावे? पुढे वाचण्यापूर्वी आपले उत्तर वहीत लिहून ठेवा.

आपण बहुधा ‘सुरक्षित खाडी’ असे लिहिले असेल. ते चूक नाही. पण अशा खाड्या कोकणात अनेक आहेत. दाभोळचे वेगळेपण त्याच्या पाठीशी आहे. भरतीच्या पाण्यावर गलबते चिपळूणलगतच्या गोवळकोटपर्यंत जात. तेथून कुंभार्ली घाटाने माल बैलांच्या पाठीवरून कऱ्हाडकडे, म्हणजे देशावर चढे. पंधराव्या शतकातील रशियन प्रवासी अफनासी निकितीन याने दाभोळचे वर्णन घोडे उतरवले जाणारे मोठे बंदर असे केले आहे. हे घोडे कोकणासाठी नव्हते. त्यांचे गिऱ्हाईक घाटमाथ्यापलीकडचे होते.

डिसेंबर १५०८ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदा याने दाभोळ जाळून लुटले. तरीही शहर पुन्हा उभे राहिले. सतराव्या शतकात बांधलेली तेथील देखणी मशीद आजही पाहता येते. परंतु विजापूरची सत्ता खचली, व्यापार सुरतेकडे आणि नंतर मुंबईकडे वळला, तेव्हा मात्र दाभोळ सावरले नाही. आगीतून वाचलेले बंदर गिऱ्हाईक गेल्यावर ओस पडले.

(येथे एक सावधगिरी बाळगा. १९९० च्या दशकात गाजलेला ‘दाभोळ वीज प्रकल्प’ दाभोळात नाही. तो खाडीच्या दक्षिणेस, अंजनवेलजवळ आहे. नावावरून स्थळ ठरवू नये.)

आज घाटाची ती वाट उलटी वाहते, असे म्हणता येईल. पूर्वी माल खालून वर चढे. आता पूर्वेकडे वाहणाऱ्या कोयनेचे पाणी बोगद्यांतून पोफळीच्या वीजगृहात उतरते आणि तेथून वाशिष्ठीत सोडले जाते. जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूण बुडाले, तेव्हा या पाण्याविषयीही तेथे तीव्र चर्चा झाली.

स्वाध्याय : ‘बंदर’ हा शब्द मराठीत फारसीतून आला. खलाशी, नाखवा, तांडेल, गलबत, शीड या शब्दांची व्युत्पत्ती कोशात पाहा. त्यांतील कोणते शब्द समुद्रमार्गे आले असावेत, याविषयी दहा ओळी लिहा.